छोटा डिजिटल रेडिओ निवडताना

खोक्यावर लिहिलेल्या मोठमोठ्या आकड्यांना भुलून घेतलेला रेडिओ बहुतेक वेळा कपाटातच पडून राहतो. आपल्या गावात काय ऐकू येते आणि सेट कोण वापरणार आहे, याचा विचार आधी केला तर कमी पैशांतही उत्तम सेट मिळू शकतो.

रेडिओ आता कोण ऐकतो, असे म्हटले जात असले तरी अनेक घरांतून सकाळच्या स्वयंपाकाच्या वेळी भक्तिगीते लागतात, दुपारी निवडटिपण करताना 'विविध भारती' सुरू असते आणि रात्रीच्या बातम्या ऐकल्याशिवाय घरातल्या वडीलधाऱ्यांचा दिवस संपत नाही. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सुरू झालेल्या 'विविध भारती'ला आता साठ वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. दूरदर्शन आले, उपग्रह वाहिन्या आल्या, हाताहातांत मोबाइल आले, तरी हाताला काम आणि कानाला सोबत देणारे रेडिओसारखे दुसरे साधन झाले नाही.

हे सगळे मोबाइलवरही ऐकता येते, मग वेगळा सेट कशाला, असा प्रश्न घरातली तरुण मंडळी विचारतात. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तरही सोपे आहे. मोबाइलवरचा रेडिओ बहुतेक वेळा इंटरनेटवरून येतो. त्यासाठी टॉवर चालू हवा, टॉवरला वीज हवी आणि फोनची बॅटरी भरलेली हवी. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा फोन लागेनासे झाले होते. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा श्रीवर्धन, मुरूड, मंडणगड, दापोली या भागांतील कित्येक गावे अनेक दिवस विजेविना राहिली आणि मोबाइलही मुके झाले. अशा वेळी दोन सेलवर चालणारा छोटासा रेडिओच बाहेरच्या जगाची खबर देऊ शकतो. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणही आपत्तीच्या काळात घरात सेलवर चालणारा रेडिओ जवळ ठेवण्याचा सल्ला देते, तो याचमुळे.

काही मोबाइलमध्ये इंटरनेटशिवाय चालणारा एफएम रेडिओ असतो. परंतु मधल्या काळात अनेक कंपन्यांनी ही सोय काढून टाकली. २०२३ मध्ये केंद्र सरकारने मोबाइल उत्पादकांना ही सोय पुरवावी, अशी सूचना केली, ती आपत्तीतील उपयोग लक्षात घेऊनच. तरीही फोनवर एफएम ऐकायचे तर बहुधा तारेचा हेडफोन जोडावा लागतो, कारण ती तारच अँटेनाचे काम करते. तेव्हा घरात एक स्वतंत्र सेट असणे केव्हाही सोयीचे. प्रश्न उरतो तो निवडीचा.

'डिजिटल' म्हणजे नेमके काय?

दुकानात जाऊन 'डिजिटल रेडिओ' मागितला की दुकानदार चार-पाच खोकी समोर मांडतो. सगळ्यांवर 'डिजिटल' हा शब्द असतो, पण सगळ्यांचा अर्थ एक नसतो. गिऱ्हाइकाची फसगत होते ती इथेच. या एका शब्दाचे तीन वेगवेगळे अर्थ आहेत.

पहिला अर्थ म्हणजे आकडे दाखवणारा पडदा. जुन्या सेटमध्ये काटा सरकवून केंद्र लावावे लागे. काटा केसभर हलला तरी खरखर सुरू होई. डिजिटल पडद्याच्या सेटमध्ये केंद्राचा आकडा दिसतो, बटण दाबून नेमके तेच केंद्र लावता येते आणि एकदा लावले की ते जागचे हलत नाही. केंद्रे स्मरणात साठवूनही ठेवता येतात.

दुसरा अर्थ आतल्या चिपशी निगडित आहे. आजच्या बऱ्याच सेटमध्ये आलेल्या लहरींवर छोटी चिप डिजिटल पद्धतीने काम करते आणि नको असलेला गोंगाट काही प्रमाणात गाळून टाकते. गंमत अशी, की बाहेरून काटा आणि गोल बटण असलेला, जुन्या वळणाचा दिसणारा सेटही आतून असा डिजिटल असू शकतो. उलट मोठा चमकदार पडदा असलेला सेट आतून सुमार निघू शकतो.

तिसरा अर्थ सर्वांत वेगळा. यात प्रसारणच डिजिटल असते. ब्रिटनमध्ये बीबीसीने १९९५ मध्ये 'डॅब' नावाच्या पद्धतीने असे प्रसारण सुरू केले. नॉर्वेने तर २०१७ मध्ये आपली राष्ट्रीय एफएम प्रसारणे बंद करून सगळा कारभार 'डॅब'वर नेला. भारतात आकाशवाणीने 'डीआरएम' ही निराळी पद्धत स्वीकारली आणि २०१० नंतरच्या दशकात मध्यम लहरींची ३५च्या आसपास प्रक्षेपण केंद्रे त्यासाठी सज्ज केली. पण हे प्रसारण ऐकण्यासाठी खास डीआरएम सेट लागतो. तो साध्या सेटपेक्षा बराच महाग पडतो आणि कोपऱ्यावरच्या दुकानात सहसा मिळत नाही. काही नव्या मोटारगाड्यांतील रेडिओमध्ये मात्र ही सोय असते.

थोडक्यात, आपल्याकडच्या दुकानात 'डिजिटल' म्हणून मिळणारा सेट बहुतेक वेळा पहिल्या किंवा दुसऱ्या अर्थाने डिजिटल असतो. तो नेहमीचीच एफएम आणि मध्यम लहरींची केंद्रे पकडतो. त्यात कमीपणा काहीच नाही, उलट बहुतेक घरांना तोच सेट योग्य आहे. फक्त 'डिजिटल' या शब्दाखातर दुप्पट पैसे मोजण्याचे कारण नाही.

परदेशाहून आलेला सेट

मुलगा किंवा भाचा परदेशातून येताना हौसेने रेडिओ आणतो. वस्तू देखणी असते, आवाज गोड असतो, पण इथे आल्यावर तिच्यातून शब्द फुटत नाही. यात सेटचा दोष नसतो, आणणाऱ्याचाही नसतो. दोन देशांतील पद्धतीच वेगळ्या असतात.

युरोपातून आलेला सेट केवळ 'डॅब'चा असेल तर तो भारतात निरुपयोगी आहे. 'डॅब' आणि एफएम असा दुहेरी असेल तर त्याचे एफएम इथे चालेल, मध्यम लहरी मात्र अशा सेटमध्ये बहुधा नसतात. अमेरिकेतल्या सेटची अडचण आणखी वेगळी. तिकडे मध्यम लहरींची केंद्रे दहा-दहा किलोहर्ट्झच्या अंतरावर असतात, आपल्याकडे ती नऊ-नऊच्या अंतरावर आहेत. मुंबईच्या अस्मिता वाहिनीची ओळख बनलेला ५५८ हा आकडाच घ्या. अमेरिकी सेट ५५० वरून एकदम ५६० वर उडी मारतो आणि ५५८ मधल्या मध्ये हुकतो. काही सेट एफएमवरही ०.२ची पावले टाकतात. असा सेट १०२.५ वरून १०२.७ वर जातो, तर दिल्लीचे एफएम रेनबो आहे १०२.६ वर. चांगल्या कंपन्यांच्या सेटमध्ये हे अंतर बदलण्याची सोय असते, ती माहितीपुस्तिकेत पाहून घ्यावी. जपानमधील जुने सेट तर एफएमवर ९० मेगाहर्ट्झच्या आसपासच संपतात, आणि आपली बहुतेक केंद्रे त्याच्या पुढे आहेत.

विजेचेही पाहावे. अमेरिकेत घरगुती वीज १२० व्होल्टची, आपल्याकडे २३० व्होल्टची. तिकडचा जोड थेट इथल्या भिंतीत खुपसला तर सेट जळू शकतो. म्हणून परदेशातून रेडिओ मागवायचाच असेल तर आधी एवढेच कळवावे : एफएम ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झ, पावले ०.१ची, मध्यम लहरी हव्या असतील तर पावले नऊ किलोहर्ट्झची, आणि साध्या सेलवर चालणारा.

आधी केंद्र, मग सेट

साडी घेण्याआधी ती कुठे नेसायची हे ठरलेले असते, तसेच रेडिओ घेण्याआधी काय ऐकायचे हे ठरलेले असावे. घरातील सर्वांना विचारून आवडीच्या तीन-चार केंद्रांची यादी करावी आणि ती केंद्रे आपल्या गावात कोणत्या लहरींवर येतात हे शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या सेटवर ऐकून पाहावे.

एफएमचा आवाज स्वच्छ असतो, पण त्याच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. मोठ्या केंद्राचा आवाज सपाट प्रदेशात पन्नास-साठ किलोमीटरपर्यंत पोहोचतो, मध्ये डोंगर आला तर दोन कोसांवरही अडतो. २८ एप्रिल २०२३ रोजी आकाशवाणीची १०० वॉटची ९१ एफएम प्रक्षेपण केंद्रे देशभर एकाच वेळी सुरू झाली. पूर्वी जिथे एफएम मिळत नसे अशा अनेक गावांची त्यामुळे सोय झाली. मात्र इतक्या कमी शक्तीच्या केंद्राचा पल्ला दहा-पंधरा किलोमीटरचाच असतो, हे ध्यानात ठेवावे.

मध्यम लहरी जमिनीला धरून दूर जातात आणि डोंगराआडही पोहोचतात. सूर्य मावळल्यावर वातावरणाच्या वरच्या थरांत बदल होतो आणि याच लहरी तिथून परतून शेकडो किलोमीटरवर येऊन पडतात. पूर्वी इंदूर, बडोदे, हैदराबादच्या मराठी घरांतून रात्री महाराष्ट्रातील केंद्रे ऐकली जात ती यामुळेच. पण गेल्या काही वर्षांत आकाशवाणीने मध्यम लहरींची अनेक प्रक्षेपणे बंद करून एफएमवर भर दिला आहे. म्हणून केवळ जुन्या आठवणीवर विसंबून मध्यम लहरींसाठी जादा पैसे देऊ नयेत. आपल्या भागात आज काय ऐकू येते याची खात्री करूनच घ्यावे. दुसरे म्हणजे एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर आणि इन्व्हर्टर यांमुळे मध्यम लहरींवर खरखर फार येते. सेट या वस्तूंपासून दूर, खिडकीशी ठेवला तर पुष्कळ फरक पडतो.

लघुलहरींबाबत तर अधिकच सावध राहावे. 'दहा बँड', 'बारा बँड', 'जगभरची केंद्रे' असे खोक्यावर लिहिलेले असते. एके काळी लघुलहरींवर रेडिओ सिलोन आणि बीबीसी ऐकणारी घरे गावोगाव होती. परंतु बीबीसीचे लघुलहरींवरील हिंदी प्रसारणही ३१ जानेवारी २०२० रोजी थांबले. लांबची केंद्रे शोधण्याचा छंद असेल तर लघुलहरींचा सेट जरूर घ्यावा. एरवी त्या दहा-बारा बँडचा उपयोग शून्य.

परप्रांतात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना आपल्या भाषेतले केंद्र हवेच असेल, तर त्यासाठी महागड्या सेटच्या मागे लागू नये. आकाशवाणीच्या अनेक वाहिन्या डीडी फ्री डिशवर आणि मोबाइलवरील सरकारी अ‍ॅपवर मिळतात. घरी त्यांवर मराठी ऐकावे आणि छोट्या सेटवर स्थानिक केंद्र ऐकावे, हा मार्ग स्वस्त आणि सोपा.

घरातला सेट

घरात रेडिओ सर्वांत जास्त कोण ऐकणार, हे पाहून सेट निवडावा. बहुधा ते घरातले वयस्कर माणूस असते आणि नेमका त्यांचाच विचार खरेदीच्या वेळी होत नाही. सत्तरीच्या आजींना बारीक अक्षरांचा पडदा आणि एकाच बटणात चार कामे असलेला सेट आणून दिला, तर त्या पहिल्या दिवशी कौतुक करतात आणि दुसऱ्या दिवसापासून तो बंद राहतो. नवी वस्तू बिघडेल या भीतीने हातही लावत नाहीत.

वयस्करांसाठी चार-पाच ठळक बटणे असलेला सेट घ्यावा. एका बटणावर विविध भारती, दुसऱ्यावर स्थानिक केंद्र, तिसऱ्यावर एफएम अशी केंद्रे घरच्यांनी आधीच बसवून द्यावीत. आवाजासाठी फिरवायचे गोल बटण असेल तर उत्तम. दृष्टी अधू असलेल्यांना पडदा न पाहता, नुसत्या बोटांनी चालवता येईल असाच सेट हवा. ऐकू कमी येत असेल तर आवाज किती मोठा होतो यापेक्षा बोललेला शब्द किती स्पष्ट कळतो हे महत्त्वाचे. तळहाताएवढा तरी स्पीकर असलेल्या सेटमध्ये बातम्या जास्त स्पष्ट ऐकू येतात. ठरावीक वेळाने आपोआप बंद होण्याची सोयही हवी, म्हणजे ऐकता ऐकता झोप लागली तरी सेल संपत नाहीत.

आजकाल ब्लूटूथ, मेमरी कार्ड, विजेरी आणि एफएम असे सगळे एकत्र असलेले स्पीकर मिळतात. गाणी वाजवायला ते चांगले असतात, पण त्यातला रेडिओ बऱ्याचदा नावापुरताच असतो. अँटेना नसते, चार्जिंगची तार लावावी तेव्हा कुठे केंद्र पकडते. रेडिओसाठीच वस्तू घ्यायची असेल तर बाहेर ओढता येणारी अँटेना असलेला सेट घ्यावा. एफएमला सुमारे पाऊण मीटरपर्यंतच्या अँटेनाचा उपयोग होतो.

प्रवासातला सेट

प्रवासासाठी लहान सेट हवा हे खरे, पण फार चपटा सेट घेऊ नये. मध्यम लहरींची अँटेना सेटच्या पोटात, काळसर दांडीच्या रूपात असते. सेट जितका छोटा तितकी ही दांडी आखूड आणि तितके केंद्र कमजोर. मध्यम लहरींवर केंद्र नीट येत नसेल तर बाहेरची अँटेना ओढत बसण्यापेक्षा सेटच जागच्या जागी फिरवून पाहावा. एका ठरावीक दिशेला आवाज एकदम सुधारतो.

प्रवासी सेटला बटणे बंद ठेवणारी कळ असणे फार आवश्यक. ती नसेल तर पिशवीत दाबले जाऊन बटण सुरू होते आणि मुक्कामी पोहोचेपर्यंत सेल संपलेले असतात. हेडफोनची जागा हवीच, कारण डब्यात शेजाऱ्याला आपली आवड ऐकवणे बरे नव्हे. शिवाय अनेक छोट्या सेटमध्ये हेडफोनची तारच एफएमची अँटेना असते. रेल्वेच्या वातानुकूलित डब्यात चारी बाजूंनी धातू असल्याने केंद्र फारसे येत नाही, खिडकीशी थोडेफार येते. गावागणिक केंद्रे बदलत असल्याने, आपोआप केंद्रे शोधून साठवणारी सोय प्रवासात विशेष उपयोगी पडते. स्टेशन सोडून नव्या शहरात उतरले की एक बटण दाबावे, मिनिटभरात तिथली सगळी केंद्रे हाती येतात.

सेल की चार्जिंग?

हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा, कारण आणीबाणीच्या वेळी सगळी भिस्त त्यावरच असते. चार्जिंगचा सेट रोजच्या वापरात स्वस्त पडतो. मात्र आतली बॅटरी काही वर्षांनी दम सोडते. ती बाहेर काढून बदलता येते का आणि तशी बॅटरी बाजारात मिळते का, हे विचारून घ्यावे. अनेक सेटमध्ये पूर्वीच्या साध्या मोबाइलमध्ये असायची तशी चपटी बॅटरी असते. ती सहज मिळते.

साध्या पेन्सिल सेलवरचा सेट चार्जिंगचा मोहताज नसतो. पेन्सिल सेल खेड्यातल्या किराणा दुकानातही मिळतात. दोन चांगल्या अल्कलाइन सेलवर छोटा सेट मध्यम आवाजात तीस-चाळीस तास चालू शकतो. म्हणजे रोज तासभर बातम्या ऐकल्या तरी महिना निघतो. वीज आठ-आठ दिवस जाते अशा किनारपट्टीच्या किंवा डोंगराळ गावांत सेलचाच सेट घ्यावा. दोन्ही सोयी असल्या तर उत्तमच. हाताने दांडा फिरवून चालणारे सेटही मिळतात, पण मिनिटभर फिरवल्यावर ते काही मिनिटेच चालतात. अडीअडचणीला ठीक, रोजच्या वापराला नाही. सेट महिनोन् महिने वापरायचा नसेल तर सेल काढून ठेवावेत, नाहीतर ते पाझरून आतल्या पट्ट्या गंजतात.

दुकानातली दहा मिनिटे

छोट्या रेडिओची किंमत काही शेकड्यांपासून काही हजारांपर्यंत असते. किंमत कोणतीही असो, सेट चालवून पाहिल्याशिवाय घेऊ नये. दुकानाच्या आत दिव्यांच्या गर्दीत खरखर येणारच, म्हणून दाराशी येऊन पाहावे. पूर्ण जोरात आवाज असलेले केंद्र कोणताही सेट पकडतो. परीक्षा पाहायची ती कमजोर केंद्रावर. दोन सेट शेजारी ठेवून तेच केंद्र लावले की फरक लगेच कळतो. गाण्यापेक्षा बातम्या लावून शब्द स्पष्ट येतात का ते ऐकावे.

त्यानंतर दोन केंद्रे साठवून सेल काढावेत आणि दोन मिनिटांनी परत घालावेत. साठवलेली केंद्रे पुसली गेली असतील तर दर वेळी सेल बदलताना तीच कटकट होणार हे समजावे. पावती आणि हमीपत्र घ्यावे आणि दुरुस्ती गावातच होते का, हेही विचारावे.

उद्याच्या रेडिओचे काय?

उद्या सगळे प्रसारण डिजिटल झाले तर आजचा सेट वाया जाईल का, अशी शंका काहींना येते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१८ मध्येच डिजिटल रेडिओविषयी सरकारला शिफारशी केल्या होत्या, त्यामुळे पुढेमागे बदल होऊ शकतो. पण एफएमची नवनवी केंद्रे अगदी २०२३ पर्यंत सुरू होत आली आहेत. असा पसारा एका रात्रीत आवरला जात नाही.

याउलट, फार पुढचे पाहून केलेली खरेदीही अंगाशी येऊ शकते. उपग्रहावरून थेट रेडिओ ऐकवणारी 'वर्ल्डस्पेस' ही सेवा २००० मध्ये भारतात आली. आवाज उत्तम, जाहिरातींचा त्रास नाही, म्हणून संगीतप्रेमींनी खास सेट विकत घेतले, वर्गणी भरली. ३१ डिसेंबर २००९ रोजी ही सेवा बंद झाली आणि ते महागडे सेट एका दिवसात शोभेच्या वस्तू झाले. एकाच सेवेवर अवलंबून असलेला सेट घेताना हे उदाहरण आठवावे. साधा एफएम आणि मध्यम लहरींचा सेट कोणा एका कंपनीच्या मर्जीवर चालत नाही आणि त्याला वर्गणीही लागत नाही. डीआरएमचा सेट घ्यायचाच असेल तर आपल्या गावात ते प्रसारण प्रत्यक्ष ऐकू येते याची खात्री विकत घेण्यापूर्वी करावी.

सेट घरी आणल्यावर एक काम मात्र राहून जाऊ देऊ नये. स्थानिक आकाशवाणी केंद्राचा आकडा मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून सेटच्या पाठीवर चिकटवावा आणि ते केंद्र कसे लावायचे हे घरातील लहानथोरांना एकदा करून दाखवावे. सेलची एक नवी जोडी, विजेरी आणि औषधांच्या डब्याशेजारी सर्वांना ठाऊक असलेल्या जागी ठेवावी आणि दर पावसाळ्याआधी ती बदलावी. मग रोज गाणी ऐकवणारा हा छोटा सेट, दिवे गेल्यावर अंधारातही घरातल्या कोणालाही सुरू करता येईल.